साइटमध्ये भोक सापडलं तर काय करायचं
जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांनो, कॉलेजच्या रिझल्टच्या लिंकमधला शेवटचा नंबर बदलला आणि दुसऱ्याचीच मार्कशीट उघडली, तर ते साइटच्या सुरक्षेतलं भोक आहे, तिथेच थांबा. पुढचे नंबर टाकून बघू नका, स्क्रिप्ट लावून सगळं डाउनलोड तर अजिबात नको. आयटी कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय अ‍ॅक्सेस झाला का एवढंच बघतं, हेतू नाही, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं की कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे कोर्टात सांगता येतं हो, पण तोवर लॅपटॉप जप्त होऊन पडू शकतो ना, आणि या भीतीनेच पोरं गप्प बसतात अन् भोक तसंच राहतं, हे मला फार खटकतं.

मग करायचं काय? एकच स्क्रीनशॉट, त्यातलं नाव झाकून. तारीख-वेळ लिहून ठेवा. साइटवाल्यांना आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ईमेल करा, नुसता फोन नको, लेखी पुरावा राहतो. मेलमध्ये पैसे-बक्षीस काही मागू नका, ते खंडणीसारखं दिसतं. दुरुस्त होईपर्यंत ग्रुपवर टाकायचं नाही. आणि नोटीस आलीच तर आधी वकील गाठा, मग उत्तर.