स्वस्त मेटल डिटेक्टर घेताय? काळ्या रानात या चुका टाळा

खानदेशात मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाई मशीन कितलं खोल जास?" विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं. पाच फूट, दहा फूट, आणि गिऱ्हाईक गळाला लागतंय असं दिसलं तर तीस फूटसुद्धा. पहिली चूक इथेच होते. छंदासाठी विकली जाणारी मशीन रुपयाएवढं नाणं वीतभर खोलीवर पकडतात, जमीन चांगली असेल तर थोडं जास्त. तांब्याचा हंडा किंवा नांगराचा फाळ याहून खोलवर सापडतो, कारण वस्तू मोठी असते. खोली वस्तूच्या आकारावर आणि मातीवर ठरते, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या एकाच आकड्याला काही अर्थ नाही.

हातात अँटेना धरून 'दोनशे मीटरवरचं सोनं दाखवणारी' लाँग रेंज यंत्रं तर या तुलनेत धरूच नका. त्यांच्यात धातू ओळखणारं काही नसतं, हात हलला की कांडी फिरते. असं यंत्र आणि सोबत मांत्रिक घेऊन गुप्तधन काढून देणारे अजूनही गावोगाव भेटतात. गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत, हे त्यांना तोंडावर सांगायला हरकत नाही.

आपली माती विसरून केलेली तुलना

व्हिडिओत दिसणारी बहुतेक तुलना परदेशातल्या हिरवळीवर किंवा वाळूत केलेली असते. आपल्याकडची काळी कापसाची जमीन बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली आहे. त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात आणि झिजल्यावरही त्यांचे कण मातीत राहतात. मशीनची कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची चकती, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि परत येणारा प्रतिसाद ऐकते. काळ्या रानात आधी मातीच उत्तर देते, नाण्याचा बारीक आवाज तिच्याखाली दबतो. यावलकडच्या केळीच्या मळ्यात असो की शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानात, हा त्रास कमी-अधिक असतोच. वीटभट्टीच्या जागेवर आणि पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, तर जास्तच, कारण भाजलेली माती आणखी चुंबकीय होते.

म्हणून इथे मशीन निवडताना खोलीआधी दोन गोष्टी पाहा: ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज बाजूला काढायची सोय, आणि कॉइलची जात.

गॅरेट कंपनीच्या एस (Ace) ३०० मध्ये ग्राउंड बॅलन्स कारखान्यातूनच ठरवून आलेला असतो, तो तुम्हाला बदलता येत नाही. फिशर एफ २२ चंही तसंच. दोन्ही मशीन वाईट नाहीत, शिकायला सोपी आहेत, पण माती जड लागली की सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तीक्ष्ण ठेवायचा ते) कमी करण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही. नोक्ता सिम्प्लेक्स प्लसमध्ये बटण दाबून धरायचं, कॉइल जमिनीवर वर-खाली करायची, मशीन त्या जागेची माती समजून घेतं. माइनलॅबचं व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि ग्राउंड बॅलन्स आपोआप सांभाळतं. तिथे तुम्ही काही करायचं नाही, काही करताही येत नाही.

कॉइलचं सांगायचं तर गोल गाभ्याची कॉन्सेंट्रिक कॉइल जमिनीत शंकूसारखी बघते आणि खनिज मातीत लवकर गोंधळते. डीडी कॉइल मधल्या उभ्या पट्टीतून बघते, त्यामुळे माती कमी खाते. एस ३०० सोबत कॉन्सेंट्रिक येते. एस ४००, सिम्प्लेक्स आणि व्हॅनक्विश यांच्यासोबत डीडी. माझं मत विचाराल तर काळ्या रानासाठी डीडी आणि बदलता येणारा किंवा आपोआप होणारा ग्राउंड बॅलन्स एवढं पाहिलं की अर्धी निवड झाली. बाकी रंग, स्क्रीन, वायरलेस हेडफोन नंतर बघता येतं. फक्त मुरमाड बरड आणि गावातलं मैदान एवढंच फिरायचं असेल तरी वीतभर मुरमाखालीही तोच काळा पाषाण असतो, हे विसरू नका.

दुकानात हवेत घेतलेली परीक्षा

काउंटरवर नाणं कॉइलसमोरून फिरवायचं आणि 'बघा, फूटभरावरून बोललं' म्हणायचं. या परीक्षेत माती नसते, त्यामुळे ती पास होणं सोपं असतं. स्वस्तातली चिनी मशीन हवेत महागड्यांच्या बरोबरीने बोलतात आणि बांधावर नेली की मुकी होतात, नाहीतर अखंड किरकिर करतात.

नाणं पुरून लगेच घेतलेली परीक्षाही पूर्ण खरी नसते, कारण माती उकरलेली, मोकळी असते. तरी हवेपेक्षा बरी. बांधाच्या कडेला, जिथे वखर फिरत नाही, अशी जागा आधी मशीनने साफ करून घ्या. मग एक चांदीचा रुपया, एक भोकाचा पैसा, एक ॲल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं, सध्याचा एक रुपया, खिळा, बाटलीचं बूच आणि गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा हातभर अंतरावर, वेगवेगळ्या खोलीवर पुरा. कागदावर नकाशा काढा. एक पावसाळा गेला की ही जागा कुठल्याही व्हिडिओपेक्षा खरं बोलते.

दोन मशीनची तुलना करताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही शेजारी-शेजारी चालू ठेवू नका, एकमेकांत आवाज मिसळतात. आणि सिग्नल मिळाला की लगेच खुरपं घालू नका. आधी दुसरं मशीन त्यावरून फिरवा, मग उकरा. उकरल्यावर 'माझं पण बोललं असतं' म्हणण्याला किंमत नाही.

आकड्यावर आंधळा विश्वास

स्क्रीनवरचा आकडा धातू सांगत नाही. वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि ठेवण मिळून तो तयार होतो. गॅरेटच्या जुन्या एस २५० च्या स्क्रीनवरच्या पट्टीवर तर अमेरिकन नाण्यांच्या खुणा होत्या, त्यांचा आपल्या खिशातल्या नाण्यांशी संबंध नाही.

आपली नाणी या बाबतीत मजेशीर आहेत. राणी व्हिक्टोरिया किंवा पाचव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदीचा. तो पट्टीच्या वरच्या टोकाला स्पष्ट बोलतो. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा कांस्याचा. जुनी पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी मधे कुठेतरी, बिअरच्या कॅनच्या तुकड्यांच्या शेजारी. आणि १९९२ पासूनचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. सारंगखेड्यासारख्या यात्रेच्या मैदानात डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूचा आवाज बंद करायची सोय) लोखंड पूर्ण बंद करून फिरलात तर जी नाणी सगळ्यात जास्त पडलेली असतात त्यांच्यावर पाणी सोडाल.

सोन्याची बारीक अंगठी पट्टीच्या खालच्या बाजूला येते, नेमकी फॉइलच्या जागी. फॉइल बंद केली की अंगठीही बंद. पातळ साखळी तर त्याहून अवघड, कारण मशीनला ती सलग सोनं म्हणून दिसत नाही, सुट्या बारीक कड्या म्हणून दिसते. कापूस वेचताना हरवलेलं मंगळसूत्र शोधायला कुणी बोलावलं तर साखळीची आशा धरू नका, वाट्यांवर लक्ष ठेवा. वाट्या बोलतात. डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणा, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा, आणि निघणारा कचरा पिशवीत भरत राहा.

मशीन विनाकारण ओरडतंय

नव्या माणसाला वाटतं सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली की खोली वाढते. काळ्या मातीत उलटं होतं. मशीन मातीवरच ओरडायला लागतं आणि खरा सिग्नल त्यात हरवतो. दोन-तीन घरं खाली आणा, बऱ्याचदा खोली वाढल्यासारखं वाटेल.

तरी किरकिर थांबत नसेल तर कॉइल कमरेएवढी उचला आणि स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर दोष मातीचा नाही, विजेचा आहे. वरून गेलेल्या तारा, विहिरीवरचा पंपाचा स्टार्टर, सौर पंपाचा कंट्रोलर आणि तुमच्याच खिशातला मोबाइल हे नेहमीचे संशयित. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, जागा बदला, फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायची सोय असेल तर वापरा. हवेत शांत आणि जमिनीजवळ ओरडत असेल तर मातीचा दोष, पुन्हा ग्राउंड बॅलन्स करा. कॉइलला हलकी टिचकी मारल्यावर ओरडत असेल तर वायर पाहा. ती दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, लोंबकळणारी वायर खोटे सिग्नल देते.

एकाच दिशेने फिरवल्यावर वाजतं आणि आडवं जाऊन फिरवल्यावर नाही, तो बहुतेक खिळा. उकरल्यावर सिग्नल गायब झाला तर आधी काढलेल्या मातीच्या ढिगावर कॉइल फिरवा, वस्तू तिकडे गेलेली असते. आणि हातातलं कडं, पुढे लोखंड असलेले बूट, कॉइलजवळ धरलेलं खुरपं यांचे सिग्नल उकरण्यात किती जणांचा घाम गेला असेल त्याची मोजदाद नाही.

झोके घेताना टोकाला कॉइल वर उचलली जाते, ही सवय मोडा. दोन इंच उंच फिरवलं म्हणजे तेवढी खोली फुकट घालवली.

कुठे फिरायचं नाही

थाळनेर, लळिंग, पारोळा, बलसाणे, प्रकाशे, बहाळ ही खानदेशातल्या जुन्या किल्ल्यांची, मंदिरांची, टेकाडांची नावं ऐकली की छंदवाल्याचे हात शिवशिवतात. तिथे मशीन नेऊ नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. राज्याच्या स्मारकांना १९६० चा वेगळा कायदा आहे. प्रकाशे आणि बहाळची टेकाडं तर पुरातत्त्वाच्या उत्खननाची. तिथे उकरलेला एक खड्डा म्हणजे थरांची कायमची मोडतोड.

स्वतःच्या शेतातही कायदा सुटत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांवर असली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पांढरीची माती किंवा धरणातला गाळ शेतात टाकलेला असेल तर तुमच्या रानात निघालेलं जुनं नाणं मुळात तिथलं असेलच असं नाही, म्हणून माती कुठून आणली तेही लिहून ठेवा. दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची परवानगी, आणि काय निघालं तर काय करायचं हे आधीच बोलून घ्या.

ऊन, पाणी, बॅटरी

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेलं मशीन स्क्रीन काळी पडून बसतं, लिथियम बॅटरीचं आयुष्यही घटतं. पहाटे निघा, दहाच्या आत परता. 

एस ३०० ची कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. तापीच्या उथळ पाण्यात उतरायचं असेल तर तीन मीटरपर्यंत बुडवता येणारं सिम्प्लेक्स वेगळं पडतं. पेन्सिल सेलवर चालणारी मशीन घेतलीत तर साधे झिंक-कार्बन सेल टाकू नका. अल्कलाइन किंवा चार्ज होणारे चांगले सेल वापरा, आणि पावसाळ्यात मशीन माळ्यावर जाण्याआधी सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने गंजलेले संपर्क ही जुन्या मशीनची सगळ्यात सामान्य मोड आहे, म्हणून सेकंडहँड घेताना पहिल्यांदा बॅटरीचं झाकण उघडून बघा.