परजीवीच्या पेशीचक्राची जनुकं शोधायची तर आधी पेशी बघा

दर पावसाळ्यात एम.एस्सी.ची चार-पाच मुलं प्रोजेक्टसाठी शनिवारी सकाळी माझ्या कोथरूडच्या घरी येतात. लॅपटॉप उघडण्याआधी मी त्यांना कागदावर एक चित्र काढायला लावते: तुमचा परजीवी एकाचे दोन कसा होतो? ते जमेपर्यंत जनुक शोधायला बसू नका.

पुस्तकातलं पेशीचक्राचं, म्हणजे पेशी वाढून विभागण्याच्या टप्प्यांचं, जी-वन, एस, जी-टू, एम हे वर्तुळ यीस्ट आणि प्राण्यांच्या पेशींवरून आलंय. हिवतापाचा प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम त्यात बसत नाही. तांबड्या पेशीतल्या 48 तासांत त्याची केंद्रकं एकाच पेशीद्रव्यात पुन्हा पुन्हा विभागतात, तीही आपापल्या वेळेनं; पेशीचे भाग मात्र शेवटी एकदाच पडतात. निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीत कायनेटोप्लास्ट, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा गोळा, आधी विभागतो आणि मग केंद्रक. डॅपी या डीएनए उजळवणाऱ्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर दोन्ही ठिपके मोजले की पेशी चक्रात कुठे आहे ते कळतं: एक के-एक एन, दोन के-एक एन, दोन के-दोन एन (के म्हणजे कायनेटोप्लास्ट, एन म्हणजे केंद्रक).

आता प्लाझ्मोडीबी किंवा ट्रायट्रिपडीबी हे परजीवींच्या जीनोमचे ऑनलाइन साठे उघडा आणि माणसाच्या सीडीके-2 या पेशीचक्र चालवणाऱ्या किनेज प्रथिनाचा सिक्वेन्स ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका. प्रथिनाचाच, डीएनएचा नको; फाल्सिपेरमच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून 80 टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे डीएनए जुळवून फारसं हाती लागत नाही. उत्तरात किनेजांची, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या प्रथिनांची, लांबलचक यादी येईल. त्यातलं प्रत्येक प्रथिन उलट माणसाच्या प्रथिनांत शोधा. पहिलं उत्तर सीडीके आलं तर ठेवा, मॅप किनेज (किनेजांचंच दुसरं कुटुंब) आलं तर बाजूला काढा. मी सुरुवातीला ही पायरी गाळली होती आणि एक मॅप किनेज तीन महिने सीडीके म्हणून सांभाळत बसले.

अलाइनमेंट, म्हणजे प्रथिनांची अक्षरं एकाखाली एक जुळवून मांडलेला तक्ता, कागदावर छापून घ्या. मुलांच्या हातात मी तीन स्केचपेन देते: एटीपी धरणाऱ्या लायसिनला हिरवं, एचआरडी या तीन अक्षरांच्या खुणेतल्या डी-ला लाल, डीएफजी या खुणेतल्या डी-ला निळं. तिन्ही जागी रंग भरता आला तर किनेज चालत असण्याची आशा धरा. मग पीएसटीएआयआरई ही सात अक्षरं शोधा, सायक्लिन हे सीडीकेला चालू करणारं जोडीदार प्रथिन तिथे टेकतं. फाल्सिपेरमच्या पीके-5 या सीडीकेसारख्या किनेजमध्ये तिथे पीएसटीटीआयआरई आहे. एवढ्या फरकानं जनुक टाकून देऊ नका.

पण साम्य म्हणजे काम नव्हे, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. पीके-5 माणसाच्या सीडीके-2 शी साधारण 60 टक्के जुळतं. तरी केंद्रकांच्या त्या लागोपाठ विभागण्यात डीएनएच्या प्रती काढायला सीआरके-4 हे फाल्सिपेरमचं दुसरं किनेज लागतं, हे 2017 मध्ये दिसलं, आणि ते सीडीके-2 शी त्या मानानं खूप कमी जुळतं. यादीत सगळ्यात वर आलेलं नाव उचलणाऱ्याच्या हातून ते निसटलंच असतं.

आरएनएचे आलेख बघा, पण ट्रिपॅनोसोमात जपून. तिथे जनुकं रांगेनं एकत्र वाचली जातात आणि नियंत्रण बरंचसं आरएनए बनल्यानंतर होतं. आलेख सपाट दिसला म्हणून जनुक चक्राबाहेरचं ठरत नाही.

खरा निकाल नॉकडाऊनमध्ये, म्हणजे जनुकाचं काम घटवून बघण्यात, लागतो. ब्रुसीत टेट्रासायक्लिन घालून आरएनएआय (निवडलेल्या जनुकाचा आरएनए नष्ट करणारी यंत्रणा) सुरू करता येतं. प्लाझ्मोडियममध्ये आणि काळ्या आजाराच्या लेशमॅनिया डोनोव्हानीत ती यंत्रणाच नाही, तिथे दुसरा मार्ग धरा. ब्रुसीतलं सीवायसी-6 हे सायक्लिन माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. ते घटवलं की केंद्रकाचं विभाजन अडतं. मात्र त्सेत्से माशीतल्या रूपात पेशी थांबत नाही, तशीच दुभंगते आणि केंद्रक नसलेली, फक्त कायनेटोप्लास्ट घेतलेली पिल्लं तयार होतात. त्यांना झॉइड म्हणतात. रक्तातल्या रूपात पेशी दुभंगतच नाही, कायनेटोप्लास्ट मात्र वाढत राहतात. जनुक तेच, परजीवी तोच, फक्त मुक्काम बदलला. म्हणून वहीत जनुकाच्या नावाशेजारी परजीवीचं कोणतं रूप वापरलं ते लिहाच.

आणि ठिपके मोजताना प्रत्येक स्लाइडवर किमान 200 पेशी मोजा. स्लाइडच्या लेबलवर कागद चिकटवा, म्हणजे नमुना कोणता ते मोजणाऱ्याला कळणार नाही, आणि तीच स्लाइड दुसऱ्या कोणाकडून परत मोजून घ्या.