चाळिशीत पुन्हा कॉलेज: प्रवेश घेताना या चुका टाळा

प्रवेशाच्या दिवसांत दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रात टेबलाशी बसलं की समोरच्या माणसाचं वर्ष वाया जाणार की नाही, हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. हुशारीचा त्यात काही संबंध नसतो. एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, कंपनीत मशीनवर वर्षं काढलेले ऑपरेटर, सून आल्यावर राहिलेली पदवी पूर्ण करायला निघालेल्या सासूबाई, ही मंडळी अभ्यासात सहसा कमी पडत नाहीत. ती अडकतात कागदांत, आणि दरवर्षी त्याच त्याच कागदांत. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करताना हे पाहिलं, निवृत्तीनंतर अभ्यासकेंद्रातही तेच पाहतो आहे. म्हणून एकदा लिहून काढतो.

जुनी वर्षं धरायची की नव्यानं सुरू करायचं, हे न ठरवताच धावपळ

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. अर्धवट सुटलेल्या पदवीकडे परत यायचे दोन रस्ते आहेत. एक, बारावीच्या जोरावर पहिल्या वर्षापासून नव्यानं प्रवेश. दुसरा, पूर्वी पास झालेली एफ.वाय., एस.वाय. ग्राह्य धरून घेऊन पुढच्या वर्षात प्रवेश. पहिल्याला बारावीचं गुणपत्रक, दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर बहुतेक भागतं. दुसऱ्याला जुन्या वर्षांची गुणपत्रकं, टीसी, मायग्रेशन (म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाताना जुन्या विद्यापीठानं द्यायचं प्रमाणपत्र), त्या काळच्या अभ्यासक्रमाची प्रत आणि जुने विषय आताच्या विषयांच्या बरोबरीचे धरावेत म्हणून समकक्षतेचा अर्ज, असं सगळं लागतं. आपला रस्ता कोणता हे ठरायच्या आधीच लोक कागद गोळा करायला निघतात.

मूळचे सोलापूरचे एक कंडक्टर नोकरीनं इकडे नाशिक भागात होते. 1997 च्या सुमारास सोलापूरच्याच कॉलेजात बी.कॉम.चं दुसरं वर्ष पास झाले, तिसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि शिक्षण सुटलं. आता बढतीसाठी पदवी हवी होती. "दोन वर्षं झालीच आहेत, एकच राहिलंय," असं धरून त्यांनी रजा टाकली आणि थेट सोलापूरचं विद्यापीठ गाठलं. तिथं कळलं की हे विद्यापीठ 2004 साली सुरू झालं आहे, त्याआधीची नोंद कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. मग कोल्हापूर. तिथल्या खिडकीवर रीतसर विचारणा झाली: आसन क्रमांक? परीक्षा मार्चची की ऑक्टोबरची? साल नक्की कोणतं? त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. "सत्त्याण्णव असावं," एवढ्या माहितीवर दुय्यम गुणपत्रक कोण कसं शोधणार?

तिथून परत सोलापूर, या वेळी जुन्या कॉलेजात. मदत झाली ती तिथंच. ऑफिसातल्या बाईंनी माळ्यावरून जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवी लागून गेलेल्या, पण आतली शाई शाबूत. नावासमोर जी.आर. नंबर, जन्मतारीख, दाखला दिल्याची तारीख, शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईत 'शिक्षण सोडले'. त्यावरून निकालपत्रक मिळालं, निकालपत्रकावरून आसन क्रमांक. पुढे दुय्यम गुणपत्रकं आली, मायग्रेशन आलं. ते सगळं घेऊन तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला गेले, तर जुना अभ्यासक्रम वार्षिक परीक्षेचा आणि आताचा सत्र व श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. पहिल्या दोन वर्षांचे इतके विषय नव्यानं द्यावे लागणार होते की नोकरी सांभाळून ते जमणारं नव्हतं. शेवटी त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. त्या प्रवेशाला जे बारावीचं गुणपत्रक लागलं, ते पहिल्या दिवसापासून त्यांच्या कपाटात होतं. पण या धावपळीत आधीच्या वर्षाची प्रवेशाची मुदत टळून एक वर्ष वाया गेलं होतं.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पास झालेलं शेवटचं वर्ष कोणतं, आणि ते किती जुनं? दहा वर्षांहून जुनं असेल तर मी सरळ नव्यानं सुरू करा म्हणतो. लोकांना ते आवडत नाही. केलेलं वाया जातंय असं वाटतं, ते मला समजतं. पण तीन वर्षं शांतपणे केलेला अभ्यास हा दोन वर्षं खिडक्यांवर घालवून मिळवलेल्या सवलतीपेक्षा बरा. शेवटच्या वर्षाचे एकदोनच विषय राहिले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी जुन्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा, कारण जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठं अधूनमधून विशेष संधी देतात.

तरीही जुनी वर्षं धरूनच घ्यायची असतील, तर घरातून निघण्याआधी आपलं विद्यापीठ कोणतं ते नक्की करा. जळगाव-धुळ्याची कॉलेजं 1990 पर्यंत पुणे विद्यापीठाकडे होती. नांदेड-लातूर-परभणीची 1994 पर्यंत मराठवाडा विद्यापीठाकडे. अमरावतीची 1983 पर्यंत नागपूरकडे, चंद्रपूर-गडचिरोलीची 2011 पर्यंत नागपूरकडेच. गोव्यात 1985 च्या आधीचे पदवीधर मुंबई विद्यापीठाचे. शिवाय नावं बदलली आहेत: औरंगाबादच्या विद्यापीठाचं 1994 मध्ये, पुण्याचं 2014 मध्ये, जळगावचं 2018 मध्ये, सोलापूरचं 2019 मध्ये. अर्जात जुन्या परीक्षेपुढे गुणपत्रकावर छापलेलं तेव्हाचं नाव लिहा, आणि कागद मागवण्यासाठी आजचं.

दुसरं म्हणजे, "होऊन जाईल" हे तोंडी उत्तर घेऊन कधीही फी भरू नका. कोणते विषय ग्राह्य धरले, कोणते द्यावे लागतील, हे विद्यापीठाकडून लेखी आलं पाहिजे. ऑफिसातला माणूस चांगल्या मनानं होकार देतो, पण ठरवणारा तो नसतो.

एबीसी आयडी काढला की जुने मार्क आपोआप येतात, ही समजूत

येत नाहीत. एबीसी म्हणजे श्रेयांक बँक, विद्यार्थ्यानं मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. तिचे नियम 2021 चे आहेत आणि त्यात 2021-22 पासून मिळवलेले श्रेयांकच जमा होतात, तेही कॉलेजनं चढवले असतील तर. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. 2003 साली शिक्षण सोडलेल्यांनी डिजिलॉकरमध्ये हे खातं उघडून रोज बघण्यात अर्थ नाही. ज्यांनी 2022-23 ला सोडलं, त्यांनी मात्र आजच बघावं आणि खातं रिकामं दिसलं तर जुन्या कॉलेजच्या मागे लागावं. या मंडळींसाठी विद्यापीठ बदलून पुढच्या वर्षात जाणं खरोखर शक्य आहे, आणि नेमकी हीच मंडळी कंटाळून पहिल्यापासून सुरू करतात.

टीसी आधीच काढून ठेवणं

सध्या एका कॉलेजात नाव आहे आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचं आहे, अशांसाठी. नवीन ठिकाणचा लेखी होकार येईपर्यंत टीसी काढू नका. टीसी काढली की इथलं नाव कमी झालं. तिथं जमलं नाही तर तुम्ही कुठलेच राहत नाही. मूळ टीसी जमा करण्याआधी झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन, हे तर हवंच.

नावाची गफलत

यावर मी प्रत्येक ताईला थांबवून बोलतो, आणि बऱ्याचजणी "एवढंच ना, बघू नंतर" म्हणून पुढे जातात. ते एवढंसं नसतं.

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. दहावी-बारावीचे कागद माहेरच्या नावाचे, आधार-पॅन सासरच्या नावाचे. आमच्याकडच्या एका अंगणवाडी सेविकेचं असंच होतं. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी पदवी लागते म्हणून त्यांनी पदवीला नाव घातलं. फॉर्म भरला सायबर कॅफेतल्या मुलानं. त्यानं समोर दिसलं ते आधारवरचं नाव टाकलं, ताईंनी न वाचता सबमिट करायला सांगितलं. तीन वर्षं दिवसभर अंगणवाडी, रात्री अभ्यास, आणि चांगल्या गुणांनी पदवी. मग कागदपत्रांच्या पडताळणीला बसल्या. बारावी एका बाईची आणि पदवी दुसऱ्याच बाईची! मधला दुवा जोडणारा एकही कागद नाही, कारण लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. मग उशिराची विवाह नोंदणी, त्यानंतर नावबदल सरकारी राजपत्रात छापून घेण्यासाठी अर्ज, पुन्हा फेऱ्या. तोवर पडताळणीची मुदत संपली आणि ती संधी गेली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

हे सगळं फॉर्म भरायच्या आधी एका संध्याकाळी टाळता आलं असतं. बारावीचं गुणपत्रक आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. इंग्रजी स्पेलिंगही वाचा. 'पाटील'मध्ये एकीकडे एक 'आय' आणि दुसरीकडे दोन 'ई' असतील तरी पुढे प्रश्न येतो. वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे की नाही, तेही बघा. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र आधी हातात घ्या, मग अर्ज. 2024 पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाचा क्रमांक लागतो, तो एबीसी आयडीवरून निघतो आणि तिथं नाव आधारवरचं येतं. म्हणजे नंतर फॉर्ममध्ये दुरुस्ती करू म्हणाल, तर ती तितकी सोपी राहिलेली नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शिक्षणाच्या कागदांवर बारावीचंच नाव शेवटपर्यंत चालवावं. लग्न झालं म्हणून गुणपत्रकावरचं नाव बदलायची कायद्यानं कुणावर सक्ती नाही. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून नाव बदलून घेणाऱ्या मुलींना मी हे स्पष्ट सांगतो, समोर नवरा बसलेला असला तरी.

फी भरली म्हणजे प्रवेश झाला असं समजणं

तो तात्पुरता प्रवेश असतो. पात्रता, म्हणजे ऑफिसच्या भाषेत एलिजिबिलिटी, विद्यापीठ नंतर तपासतं. बारावी दुसऱ्या बोर्डाची असेल, समजा कर्नाटकाची किंवा सीबीएसईची, तर मायग्रेशन जोडावंच लागतं. ते नसेल तर परीक्षेचा अर्ज अडतो किंवा निकाल राखून ठेवला जातो. पात्रतेचं काय झालं हे दिवाळीच्या आधी एकदा जाऊन विचारा. कुणी फोन करून सांगेल या भरवशावर राहू नका.

फॉर्मवर दुसऱ्याचा मोबाइल नंबर

सायबरवाल्याचा, भाच्याचा, शेजारच्या मुलाचा नंबर टाकतात. पुढे ओटीपी त्याच्याकडे, हॉलतिकिटाचा निरोप त्याच्याकडे, आणि तो मुलगा नोकरीला पुण्याला गेलेला. नंबर स्वतःचा आणि रिचार्ज चालू असलेला हवा. ईमेल काढता येत नसेल तर शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. जी व्यक्ती पदवी घ्यायला निघाली आहे तिनं आपला फॉर्म स्वतः भरावा, निदान शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचावा. हे मी हट्टानं करायला लावतो.

एका वर्षात पदवी देणारे

यांच्याबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. नोकरी करणाऱ्या, वय वाढलेल्या माणसाची घाई ओळखून ते त्याची पुंजी काढून घेतात. नव्यानं सुरू केलेली तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही. मागच्या तारखेनं प्रवेश दाखवणं हा गुन्हा आहे, आणि पडताळणीत तो बाहेर आला की नोकरीही जाते. दूरशिक्षणाची मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती त्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या त्या वर्षापुरती असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाच्या नावापुढे तुमचा अभ्यासक्रम दिसतो का ते बघा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, त्यामुळे "ही चालत नाही, आमची घ्या" म्हणणाऱ्याकडून तिथल्या तिथं उठा. इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे दूरशिक्षणानं होत नाहीत. कुणी देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

गॅपचं प्रतिज्ञापत्र

मध्ये किती वर्षं खंड पडला आणि त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढं त्यात लागतं. कारण एका ओळीत लिहा, कहाणी नको. आणि मुद्रांक विकत घेण्याआधी कॉलेजला विचारा की साध्या कागदावर चालेल का. ऑक्टोबर 2024 पासून शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक झाला आहे. जातीच्या, उत्पन्नाच्या आणि अशा इतर सरकारी दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्रांना तर मुद्रांक माफच आहे, तरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले लोक सवयीनं पाचशेचा कागद पुढे करतात. कॉलेजकडे स्वतःचा नमुना असेल तर तोच घ्या. दुसऱ्या नमुन्यात केलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं आणि नोटरीचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.