बुगडी सांडू नये म्हणून

जुन्या सिनेमातल्या नायिकांसारखे दागिने हाताने घडवायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं मला बऱ्याच जणी विचारतात. मी बी.कॉम. झालेली, आमच्या घरात सोनारकाम कुणी केलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी कोल्हापुरात, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून हे काम सुरू केलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा काही गोष्टी इथे लिहिते आहे.

माझी सुरुवात जयश्री गडकरांपासून झाली. 'सांगत्ये ऐका' हा 1959चा चित्रपट, आणि त्यातली सातारच्या वाटेवर सांडलेल्या बुगडीची लावणी आईला तोंडपाठ. बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या कडेला घालायचा दागिना. हा शब्द आमच्या पिढीपर्यंत टिकला तो बराचसा त्या लावणीमुळे, असं मला वाटतं. त्यामुळे पहिली वस्तू करायची ती बुगडीच, हे ठरलेलं होतं.

हत्यारं घेण्याआधी बघायला शिका. गाणं आवाज बंद करून तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त कान, दुसऱ्यांदा गळा, तिसऱ्यांदा नायिका मान वळवते तेव्हा दागिना कसा हलतो ते. मग चेहरा जवळून दिसेल तिथे थांबवा आणि कागदावर आकार काढा. मापासाठी माझी एक युक्ती आहे: मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण 3 सेंमी असते. नथ डोळ्याच्या निम्म्याने दिसली तर ती दीड सेंमीच्या आसपास. रंगाचा अंदाज मात्र कृष्णधवल चित्रपटावरून बांधू नका. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा पडद्यावर सारखेच करडे दिसतात. मी एका ठुशीचं पदक पडद्यावर बघून अख्खं हिरवं केलं होतं. आत्याने ते हातात घेतलं आणि आजीची खरी ठुशी कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली. मध्यभागी लालभडक खडा! रंगासाठी घरातले दागिन्यांचे जुने डबे उघडा आणि ओळखीच्या आज्यांनाच विचारा. छायाचित्रं, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका बघायच्या असतील तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे.

आणि पडद्याच्या मागेही जा. भानू अथैय्या मूळच्या कोल्हापूरच्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 1966च्या 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याला जाऊन तिथली भित्तिचित्रं बघून आल्या होत्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आपण नायिकेकडे बघतो, भानू अथैय्या नायिकेच्याही मागे काय आहे तिथे गेल्या. 'मुघल-ए-आझम'चे दागिने हैदराबादच्या सोनारांनी घडवले आणि मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी. मधुबालेचं नाव घेऊन झुमका विकणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता बुगडी. पहिली मोठी ऑर्डर आली ती एका लावणीच्या कार्यक्रमासाठी, बारा जोड. हल्ली वरचा कान फारसा कुणी टोचत नाही, म्हणून दाबाच्या बुगड्या हव्या होत्या. मी 0.8 मिमीची पितळी तार वाकवून चाप केले, वर जाळीची चकती डाग देऊन बसवली आणि चकतीवर मोती गुंफले. (डाग देणं म्हणजे टाकणखार लावून, रेण, म्हणजे लवकर वितळणारा जोडधातू, वितळवून केलेला जोड.) टेबलावर ठेवल्या तेव्हा इतक्या देखण्या दिसत होत्या की मी रात्री उठून दोनदा बघून आले. कार्यक्रमात पहिल्याच गिरकीला एक उडाली. नाच संपेपर्यंत पाच सांडल्या होत्या, आणि त्यातली एक पायाखाली चेंगरली. जिची ती होती त्या मुलीने मला ती परत आणून दिली. ती काही बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चेंगरलेली बुगडी घेऊन गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका म्हाताऱ्या सोनारकाकांकडे गेले. त्यांनी चाप दोन बोटांत दाबला, सोडला. तो दाबलेलाच राहिला. म्हणाले, "डाग दिला की तार मरत्या बघ पोरी. तिला ठोकून परत जागं कराय लागतंय." पितळ तापवलं की मऊ पडतं, त्यातला ताण निघून जातो. थंड झाल्यावर ऐरणीवर ठेवून छोट्या हातोडीने हलके ठोके दिले की तो परत येतो. त्यांनी आठ-दहा ठोके दिले, तार किंचित चपटी झाली, आणि चाप टक्कन मिटायला लागला. तो आवाज मी अजून प्रत्येक बुगडीत ऐकते. आता मी चापाला आगच दाखवत नाही. चकती 0.4 मिमीच्या तारेने बांधते, वजन दोन ग्रॅमच्या आत ठेवते आणि कानाला लावून दहा मिनिटं घरात जोरात मान हलवत फिरते. हे केल्याशिवाय एकही बुगडी घराबाहेर जात नाही.

सामानाला सुरुवातीला फार पैसे घालू नका. दोन पकडी, एक कटर, पितळी तार, मोत्यांचे दोन-चार सर, एवढं पुरतं. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला फिरलात तर सगळं मिळतं. मोती गाठवणं मात्र पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने गाठवून देणाऱ्या कारागिरांकडे, बसून शिका. तन्मणीच्या मोत्यांच्या सरांना खोडाशी, म्हणजे मधल्या पदकाशी, गाठ कशी मारतात, हे व्हिडिओ बघून मला दोन वर्षं जमलं नव्हतं, तिथे एका दुपारी जमलं.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या वर्षी मी बुगडीचा जोड दीडशेला विकला. सामान साठ रुपयांचं आणि हाताचे तीन तास. वेळ लिहून ठेवायला लागले तेव्हा कळलं की मजुरी तासाला जेमतेम तीस रुपये पडते आहे. तुमच्या तासाचा भाव पहिल्या दिवशी ठरवा आणि घरच्यांनाही तोच सांगा. पितळ असेल तर पितळ म्हणून विका. चांदी म्हणायचं असेल तर 925चा शिक्का (हजारात 925 भाग चांदी) असलेलीच वापरा. आणि अभिनेत्रीचा फोटो पाकिटावर छापू नका, दागिन्याला तिचं नावही देऊ नका. तो चेहरा आणि ते नाव तिच्या माणसांचं आहे. माझ्या बुगड्यांची नावं गावांची आहेत: कराड, वाई, औंध.

ऑर्डर घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: कानाची वरची कड जाड आहे का पातळ? बहुतेक जणींना सांगता येत नाही. मी त्यांना वहीच्या कागदाची घडी घालायला सांगते, एकेक घडी वाढवत, कडेइतकी जाड होईपर्यंत, आणि किती घड्या झाल्या ते कळवायला सांगते. तेवढ्याच घड्या मी इथे घालते आणि त्या कागदावर चाप मिटवून बघते.