चुन्यातला मका: जुनी पद्धत, घरी कशी करायची

आपल्याकडच्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया (मेक्सिकन पातळ भाकरी) लाटायला गेलं की कडा फाटतात, आणि दोष लाटणाऱ्याचा नसतो, मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात नि मग ओलाच वाटतात, खरी मेख तिथे आहे.

हे किती जुनं ते शोधणं अवघड, कारण खाल्लेलं उरत नाही, दगड उरतात. मेक्सिकोत बाल्सास खोऱ्यातल्या शिवातोश्तला या कपारीत सुमारे ८७०० वर्षांपूर्वीचे वाटायचे दगड मिळाले, त्यांच्या खाचांत मक्याच्या स्टार्चचे कण अडकलेले. म्हणजे मका वाटणं तेव्हापासूनचं. पण चुन्याचं काय? त्यासाठी मला अमेरिकेतल्या युटाचा पुरावा सगळ्यात भारी वाटतो. तिथल्या जुन्या शेतकऱ्यांकडे मातीची भांडीच नव्हती, घट्ट विणलेल्या टोपल्या होत्या. आता टोपली चुलीवर कशी ठेवणार? म्हणून दगड विस्तवात तापवून पाण्यात सोडायचे. त्यांच्या वस्तीत चुनखडीचे तुकडे सापडतात, संशोधकांनी तसंच करून बघितलं, २०१३ मध्ये निष्कर्ष छापले, तापलेल्या चुनखडीने पाणी इतकं अल्कलाइन होतं की मका चुन्यात शिजवल्यासारखाच होतो!

आता घरी. अर्धा किलो वाळलेला मका घ्या (स्वीटकॉर्न अजिबात नको), दीड लिटर पाणी, ५-६ ग्रॅम खायचा कोरडा चुना, भिंतीचा नाही हां. भांडं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. हात नि डोळे सांभाळा. चुना पाण्यात ढवळा, मका टाका, उकळी आली की मंद आचेवर ४० मिनिटं, मग झाकून रात्रभर तसंच. दाणे पिवळेधमक होतात. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल बुळबुळीत होऊन सुटली पाहिजे, चावला तर आत किंचित कच. सुटत नसेल तर अजून थोडं शिजवा. तीन-चार पाण्यांत खळखळून धुवा, सगळी सालं गेली नाहीत तरी चालतं.

वाटायला पाटा-वरवंटा बेस्ट, मिक्सरमध्ये पाणी जास्त पडतं मग गोळा सैल होतो. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) पण मोकळं होतं, युरोपने मका नेला पण ही पद्धत नेली नाही, मग इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, झाला.

गोळा दोन प्लास्टिकमध्ये दाबा, कडक तव्यावर टाका, तेल नको.