कीटकनाशकाचे अवशेष ओळखणारी प्रतिपिंड चाचणी : हॅप्टनपासून पट्टीपर्यंत

परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील प्रयोगशाळेत वांगी, मोसंबी, हळद यांतील कीटकनाशकांचे अवशेष मोजायचे ठरवले, की रेणूंचे वस्तुमान मोजून त्यांना ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राची किंमत आणि देखभाल आडवी येते. प्रतिपिंडांवर, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या रेणूविरुद्ध बनवते त्या प्रथिनांवर, आधारलेली आणि ती चिकटली की रंग उमटवणारी एलायझा चाचणी त्या यंत्राची जागा घेत नाही. मात्र ढीगभर नमुन्यांतून संशयास्पद तेवढेच निवडून यंत्राकडे धाडण्याचे काम ती कमी खर्चात करते. सुरुवातीला एकच रसायन हाती घ्यावे. येथे उदाहरणासाठी इमिडाक्लोप्रिड घेतले आहे, कारण कपाशीवरील मावा आणि तुडतुडे यांच्यामुळे ते या भागातील शेतकऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे.

इमिडाक्लोप्रिडचा रेणुभार सुमारे २५६ आहे. एवढा लहान रेणू प्रतिपिंड मिळवण्यासाठी सशाला टोचला तरी त्याची प्रतिकारयंत्रणा त्याची दखल घेत नाही. म्हणून मूळ रेणूशी मिळताजुळता, पण एका टोकाला कार्बोक्सिल गट असलेला रेणू, म्हणजेच हॅप्टन, तयार करून तो मोठ्या वाहक प्रथिनाला जोडावा लागतो. चाचणीचे भवितव्य बहुतांशी याच टप्प्यावर ठरते, त्यामुळे घाई करायची असेल तर ती अन्यत्र करावी. वाहक प्रथिनाला चिकटलेली बाजू झाकली जाते आणि मोकळी राहिलेली बाजू प्रतिपिंड ओळखतात. इमिडाक्लोप्रिडच्या पिरिडिन वलयावरील क्लोरीनच्या जागी ३-मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल जोडले, तर नायट्रो गट असलेली बाजू उघडी राहते आणि ॲसिटामिप्रिड या त्याच गटातील कीटकनाशकापासून ते वेगळे ओळखता येण्याची शक्यता वाढते. उलट, क्लोरोपिरिडिनची बाजू उघडी ठेवली तर ॲसिटामिप्रिड आणि थायाक्लोप्रिड यांच्याकडेही तीच बाजू असल्याने प्रतिपिंड तिघांनाही धरू शकतात. एका रसायनाची चाचणी हवी की संपूर्ण गटाची, हे म्हणूनच संश्लेषणापूर्वी ठरवलेले असावे. जोडणारी साखळी साधारणतः ३ ते ६ कार्बन अणूंची ठेवतात.

हॅप्टनच्या कार्बोक्सिल गटाला कार्बोडायइमाइड आणि एन-हायड्रॉक्सीसक्सिनिमाइड यांनी सक्रिय करून तो बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातील प्रथिनाला जोडावा आणि न जुळलेला हॅप्टन डायलिसिसने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून, काढून टाकावा. चाचणी जिच्यात करतात त्या छोट्या खड्ड्यांच्या प्लेटवर पातळ थर देण्यासाठी, म्हणजे लेपनासाठी, मात्र तोच हॅप्टन ओव्हअल्ब्युमिन या अंड्यातील प्रथिनाला जोडून घ्यावा. अन्यथा वाहक प्रथिनाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंडही प्लेटला चिकटतील आणि खोटा रंग मिळेल. लेपनासाठी थोडा वेगळा हॅप्टन वापरल्यास संवेदनशीलता पुष्कळदा वाढते.

प्राणी नैतिकता समितीच्या लेखी मान्यतेनंतरच लसीकरण सुरू करावे. पहिली मात्रा फ्रॉइंडच्या पूर्ण सहायकासह (प्रतिकारयंत्रणा चेतवणारे तेलकट मिश्रण) आणि पुढील मात्रा अपूर्ण सहायकासह, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्यात. रक्तद्रवाचा टायटर, म्हणजे त्यातील प्रतिपिंडांची पातळी दाखवणारा आकडा, वाढलेला दिसताच समाधान मानण्याची प्रवृत्ती असते. परंतु मोकळ्या इमिडाक्लोप्रिडच्या उपस्थितीत रंग किती घटतो, हीच खरी कसोटी आहे. दीर्घकाळ एकसारखे प्रतिपिंड हवे असतील, तर क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडलेले हायब्रिडोमा तंत्र (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संकर) वापरावे लागते आणि तेथेही क्लोनची, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या पेशीसमूहाची, निवड याच कसोटीवर करावी.

चाचणी स्पर्धात्मक असते. कार्बोनेट बफरमध्ये (पीएच ९.६) लेपन करून, रिकाम्या जागा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या द्रावणाने झाकून, नंतर नमुना आणि प्रतिपिंड एकत्र घालतात. लेपनाला चिकटलेले प्रतिपिंड विकर जोडलेल्या दुय्यम प्रतिपिंडाच्या साह्याने रंग उमटवतात. नमुन्यातील अवशेष प्रतिपिंडांना अडवून ठेवतो, म्हणून अवशेष जितका जास्त, तितका ४५० नॅनोमीटरवरील रंग कमी. लेपन आणि प्रतिपिंड यांचे प्रमाण आधी प्लेटवर एकाची विरलने (पातळ करत नेलेली द्रावणे) उभी आणि दुसऱ्याची आडवी घेऊन ठरवून घ्यावे. रंग निम्मा करणारी संहती, म्हणजे आयसी-५०, जितकी कमी, तितकी चाचणी संवेदनशील.

ती किती कमी हवी, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा, वांग्यातील ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो एवढा अवशेष ओळखायचा आहे. ५ ग्रॅम वांग्याचा अर्क २५ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घेतला, तर त्यात लिटरला २ मायक्रोग्रॅम इमिडाक्लोप्रिड असेल. प्रतिपिंडांना ५ टक्क्यांहून अधिक मिथेनॉल सोसवत नसेल, तर अर्क २० पट विरल करावा लागेल आणि प्लेटमध्ये लिटरला केवळ ०.१ मायक्रोग्रॅम उरेल. चाचणीची ओळखमर्यादा याच्या खाली नसेल, तर पुढील श्रम वाया जातात.

वसमतच्या हळदीने तर चाचणीची कठोर परीक्षाच घ्यावी. कुरकुमिन मिथेनॉलमध्ये सहज उतरते, प्रथिनांना चिकटते आणि त्याचा शोषणपट्टा ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असल्याने त्याचे शेपूट ४५० पर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रमाण वक्र (ज्ञात मात्रा आणि रंग यांचा आलेख) शुद्ध बफरमध्ये काढून भागत नाही; अवशेषमुक्त हळदीच्या अर्कात तो पुन्हा काढून दोन्ही वक्र एकमेकांवर येतात का, ते पाहावे. येत नसतील तर विरलन वाढवावे किंवा अर्काची स्वच्छता करावी. विहिरीच्या पाण्यासाठीही हेच करावे, कारण क्षारांमुळे प्रतिपिंडांची पकड बदलते. त्यानंतर ज्ञात मात्रा मिसळलेल्या नमुन्यांची प्राप्ती (मिसळलेल्यापैकी मोजणीत मिळालेला वाटा) ७० ते १२० टक्क्यांत येते का, हे तपासावे आणि तेच नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर (एलसी-एमएस/एमएस) पडताळावेत.

प्लेटवर चाचणी स्थिरावल्यावर कोलॉइडी सोन्याच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म, कणांना प्रतिपिंड जोडून नायट्रोसेल्युलोजची पट्टी बनवता येते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती बाजार समितीच्या शेडमध्ये वापरली जाणार आहे, हे गृहीत धरून तिची साठवणूक-चाचणी घ्यावी. या पट्टीत चाचणीरेषा पुसट होणे किंवा नाहीशी होणे म्हणजे अवशेष असणे, आणि गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेला माणूस नेमका उलटा अर्थ काढतो. म्हणून पाकिटावर दोन्ही निकालांची चित्रे मराठी मजकुरासह ठळक छापावीत आणि पट्टी नीट चालल्याचे दाखवणारी नियंत्रणरेषा उमटली नाही तर ती पट्टी बाद समजावी, हेही तेथेच लिहावे.