विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा गंज काढून त्याला रंग देताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, तेव्हा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कित्येक जुनी इंजिने पत्र्याच्या खोपीत पडून राहिली. खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घासलेले बीड तासाभरात पुन्हा तांबूस होते. म्हणून हे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन या कोरड्या महिन्यांतच काढावे.

प्रथम फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या बाजूचे जड चाक, हाताने फिरवून पाहावे. ते अडकले असेल तर जोर न लावता इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) भोकातून डिझेल व इंजिन ऑईलचे मिश्रण सोडून दोन-तीन दिवस थांबावे. त्यानंतर टाकी, सायलेन्सर आणि नळ्या उतरवून प्रत्येक तोंड चिंधीच्या बोळ्याने बंद करावे व बोळ्यांची संख्या लिहून ठेवावी.

रंग उडण्याचे पहिले कारण गंजापेक्षा तेल असते, असे माझे ठाम मत आहे. बिडाच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. त्यामुळे डिझेलने ओंगण काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्लॉक घासावा, उन्हात तापू द्यावा आणि वर आलेला तेलाचा ओलावा पुसून पुन्हा धुवावे. पाणी थेंब न धरता सपाट पसरू लागले की तेल गेले असे समजावे. ॲल्युमिनियमच्या भागांना मात्र सोडा लावू नये, तो त्यांना खातो.

गंजासाठी वायर ब्रश, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो ओलाच घासावा आणि तोंडाला मास्क बांधावा. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत नेऊन वाळूचा मारा करून घेण्याचा मोह होतो, परंतु जोडलेल्या इंजिनावर तो कधीही करू नये, कारण आत शिरलेला एक कण बेअरिंग खराब करण्यास पुरेसा असतो. लोखंडी नट-बोल्ट प्लास्टिकच्या बादलीत, लिटरला सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर ठेवावेत, सकाळी सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवावेत. स्प्रिंगा मात्र त्यात टाकू नयेत, त्या ठिसूळ होऊन तुटू शकतात.

स्वच्छ झालेल्या बिडावर त्याच दिवशी, दव सुकल्यानंतर आणि सावलीत, रेड ऑक्साईड प्रायमरचा पातळ हात द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात पुरेसे होतात. कंपनीची पितळी पाटी, ऑईलची भोके, गव्हर्नरचे (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचे) सांधे आणि ज्या कडेवर पट्टा चालतो ती फ्लायव्हीलची कड टेपने झाकावी. सायलेन्सरला साधा रंग जळून सुटतो. तेथे प्रायमर न लावता थेट उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग द्यावा, जो इंजिनाच्या पहिल्या तापण्यात पक्का होतो.

आठवडाभर रंग मुरू द्यावा, बोळे मोजून काढावेत, ताजे ऑईल व पाणी भरावे आणि इंजिन सुरू करण्याआधी फ्लायव्हीलचे चार-पाच फेरे हातानेच द्यावेत.